पाचशे की पांडा? तुरीनच्या वाचकास उत्तर

स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र पोहोचले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय थोडक्यात सांगतो. आपण मूळचे पुण्याचे असून नोकरीनिमित्त पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलासह तुरीनला राहता. रोजच्या कामासाठी एक आधुनिक गाडी घरात आहेच. आता हौसेसाठी एक जुनी इटालियन गाडी घ्यावी असे आपल्या मनात आहे. पसंतीस उतरलेल्या दोन गाड्यांपैकी एक १९६७ सालची, पूर्ण दुरुस्ती करून नव्याने रंगवलेली फियाट ५०० एफ आहे, तर दुसरी १९८४ सालची, हात न लागलेली फियाट पांडा फोर-बाय-फोर. दोघींच्या किमती जवळपास सारख्या आहेत. कार्यालयातील इटालियन सहकारी म्हणतात की पांडा ही भाजी आणायची गाडी आहे, तिला क्लासिक म्हणणे हास्यास्पद आहे. पत्नीचे म्हणणे असे की घरात खेळणे नको, बसता येईल असे काही आणा. शिवाय दर उन्हाळ्यात आपले आईवडील तीन महिने येऊन राहतात आणि वडिलांनी अनेक वर्षे प्रीमियर पद्मिनी स्वतःच्या हाताने दुरुस्त करत चालवली आहे. दोन वेगवेगळ्या काळांतील या गाड्यांची तुलना करून यांतील श्रेष्ठ कोणती आणि आपण कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला टांगून ठेवल्यासारखे होणार नाही. आपल्या घराची परिस्थिती पाहता आपण पांडा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपण पाहिलेली हीच पांडा घ्यावी की नाही, हे तिच्या खालचा पत्रा तपासल्यावरच ठरेल. श्रेष्ठतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्यासाठी या दोन गाड्या कुणी, कशासाठी आणि काय काय सोडून देऊन बनवल्या, हे पाहावे लागते.

५०० ही दान्ते जाकोसा यांची गाडी. तुरीनच्याच पॉलिटेक्निकमधून शिकलेले हे अभियंते १९३६ च्या तोपोलिनो या चिमुकल्या गाडीपासून पुढची तीन दशके फियाटच्या लहान गाड्यांमागे उभे होते. आपल्या वडिलांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल, परंतु त्यांचे काम ते चांगलेच ओळखतात. १९३७ साली फियाटने जी ११०० आणली, तिचे १०८९ सीसीचे इंजिन जाकोसांच्या देखरेखीखाली तयार झाले होते; त्याच इंजिनाची सुधारित आवृत्ती ११०० डी मध्ये आली, आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने तयार होत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यामुळे आपले वडील ५०० चे बोनेट उघडतील, तेव्हा त्यांची अनोळखी माणसाशी गाठ पडणार नाही. अर्थात बोनेट उघडल्यावर त्यांना तिथे पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी दिसेल, कारण इंजिन मागे आहे.

पांडा ही जोर्जेत्तो जुजारो यांची गाडी, आणि या दोघांमधला धागा मला दोन्ही गाड्यांच्या तांत्रिक तुलनेइतकाच महत्त्वाचा वाटतो. जुजारो पिएमोंतेतल्याच गारेस्सियो या गावचे; तुरीनमध्ये शिकत असताना त्यांनी काढलेली मोटारींची चित्रे एका शालेय प्रदर्शनात जाकोसांच्या नजरेस पडली आणि १९५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हा मुलगा फियाटच्या रेखाटन विभागात दाखल झाला. पुढे तो बेर्तोने आणि गिया या नामवंत कारखान्यांतून गेला व १९६८ मध्ये त्याने इतालडिझाइन ही स्वतःची संस्था उभी केली. भारतात १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली मॅटीझ आपल्याला आठवत असेल, तर तिची गोल, गोंडस आकृतीही याच संस्थेची होती. तात्पर्य, आपल्या पत्रातल्या दोन गाड्या सवती नाहीत. एकीच्या निर्मात्याने दुसरीच्या निर्मात्याला या धंद्यात आणले.

आता ५०० कडे वळतो. ती ४ जुलै १९५७ रोजी तुरीनमध्ये लोकांसमोर आली. त्या वेळी इटलीतली अनेक कामगार कुटुंबे व्हेस्पा किंवा लँब्रेटावर फिरत होती, आणि स्कूटरवरच्या माणसाला चार चाके व डोक्यावर छप्पर देता यावे, हा या गाडीचा हेतू होता. फियाटची ६०० दोनच वर्षांपूर्वी आली होती, पण स्कूटरवाल्याला तीही महागच होती. म्हणून जाकोसांनी प्रत्येक किलो पत्र्याचा हिशेब मांडला. गाडीची लांबी तीन मीटरच्याही आत ठेवली. इंजिन दोन सिलिंडरचे, ४७९ सीसीचे, हवेने थंड होणारे. त्यामुळे रेडिएटर, पाण्याचा पंप आणि त्यांचे पाइप हा सगळा खर्चच उरला नाही. सुरुवातीची शक्ती अवघी १३ अश्वशक्ती होती. छपराचा मोठा भाग कापडी केला, त्याने पत्रा वाचला आणि मागे धडधडणाऱ्या इंजिनाचा आवाज कोंडून राहायचाही थांबला. लोक आज त्या कापडी छपराला रोमान्स म्हणतात. मुळात ती काटकसर होती.

ही काटकसर पहिल्या वर्षी अंगाशीही आली. सुरुवातीच्या ५०० ला मागे धड आसन नव्हते, दरवाजाच्या काचा खाली होत नव्हत्या, आणि गरीब ग्राहकालाही आपण गरीब असल्याची इतकी उघड आठवण नको असते. विक्री मंद राहिली. काही महिन्यांतच कंपनीने काचा खाली करण्याची सोय दिली, मागे बाक दिला, शक्ती थोडी वाढवली आणि मग गाडीने जो वेग घेतला तो १९७५ पर्यंत थांबला नाही. सिसिलीतल्या तेर्मिनी इमेरेसे येथे शेवटची ५०० तयार झाली, तोवर सुमारे ३९ लाख गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. आपण पाहिलेली एफ ही १९६५ पासूनची आवृत्ती असल्यामुळे तिचे दरवाजे पुढे बिजागरी असलेले, म्हणजे आपल्या नेहमीच्या पद्धतीचे आहेत. त्याआधीच्या गाड्यांचे दरवाजे उलटे उघडत. इंजिन ४९९.५ सीसीचे, शक्ती १८ अश्वशक्ती, वजन सुमारे ५२० किलो आणि सर्वाधिक वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास.

हे आकडे वाचून गाडी समजत नाही. ती चालू करावी लागते. दोन आसनांच्या मधल्या बोगद्यावर दोन छोटे खटके असतात, एक चोकचा आणि दुसरा स्टार्टरचा. किल्ली फिरवून फक्त वीजप्रवाह सुरू होतो; मग स्टार्टरचा खटका हाताने वर ओढायचा. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होत असल्यामुळे इंजिन थरथरत, एका संथ ठेक्यात जागे होते आणि आरसा काही काळ नीट दिसत नाही. समोर एकच गोल वेगदर्शक आहे. एफ मध्ये पेट्रोलचा काटा नाही, पेट्रोल संपत आले की फक्त दिवा लागतो. गिअर चार आहेत, पण त्यांना सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना दात्यांची गती आपोआप जुळवणारी सोय, नाही. म्हणजे खालच्या गिअरवर येताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक हलका झटका, पुन्हा क्लच दाबून गिअर. इटालियन लोक या क्रियेला दोप्पिएत्ता म्हणतात, आपल्याकडचे जुने ट्रक ड्रायव्हर डबल क्लच म्हणत. पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेली पद्मिनी चालवलेल्या आपल्या वडिलांना हे शिकवावे लागणार नाही. आपल्याला मात्र शिकावे लागेल, आणि ते शिकण्यात जी मौज आहे ती पांडा देऊ शकणार नाही, हेही मी मोकळेपणाने नमूद करतो. ताशी ५० किलोमीटरने लांगेच्या द्राक्षमळ्यांमधून जाताना ५०० मध्ये आपण खरोखरच गाडी चालवत असता. त्याच वेगाने आपल्या घरच्या आधुनिक गाडीत आपण नुसते बसलेले असता.

पांडाचा जन्म पूर्णपणे निराळ्या हवेत झाला. १९७० च्या दशकातला इटली तेलाच्या झटक्याने, महागाईने आणि राजकीय हिंसाचाराने ग्रासला होता. फियाटची आर्थिक प्रकृती बरी नव्हती. १९७६ साली कार्लो दे बेनेदेत्ती केवळ शंभरएक दिवस फियाटच्या प्रमुखपदी होते, आणि त्या अल्प काळात त्यांनी घेतलेला एक निर्णय म्हणजे नव्या लहान गाडीची संपूर्ण आखणी बाहेरच्या संस्थेला, इतालडिझाइनला, देण्याचा. अट अशी होती की गाडी त्या काळच्या फियाट १२६ या छोट्या गाडीपेक्षा जड किंवा महाग होता कामा नये, परंतु तिच्यात चार माणसे आणि सामान खरोखर मावले पाहिजे. जुजारोंनी त्या उन्हाळ्यात सार्डिनियातली आपली सुट्टी या कागदांवर घालवली. पुढे या गाडीविषयी बोलताना त्यांनी तिला जीन्सच्या पँटची उपमा दिली, आणि ती इतकी चपखल आहे की मी वेगळी शोधत बसत नाही.

जाकोसांनी गाडीचा आकार कमी करून पैसे वाचवले होते. जुजारोंनी आकाराला हात न लावता कारखान्यातील कामच कमी केले. पांडाच्या सर्व काचा, अगदी समोरची सुद्धा, सपाट आहेत, कारण सपाट काच स्वस्तात होते. पत्र्याला वळणे कमी, म्हणून साचे साधे. दोन्ही बाजूंना खाली जी करडी प्लास्टिकसदृश पट्टी दिसते, ती खडी आणि पार्किंगमधले ओरखडे झेलण्यासाठी आहे. आतमध्ये समोर डॅशबोर्ड असा नाहीच. गाडीच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत कापड लावलेला एक लांबलचक खण आहे, त्यात नकाशा, किल्ल्या, मुलाचे हातमोजे, केळी, काहीही टाका. त्या खणाच्या कडेवर राखपात्र बसवलेले असून ते इकडून तिकडे सरकते, म्हणजे ज्याला हवे त्याच्यापुढे ढकलायचे. मागचे आसन नळ्यांच्या चौकटीवर ताणलेल्या कापडाचे असून ते सात प्रकारे लावता येते. पुढच्या आसनांशी जुळवून पसरले की झोपायला जागा होते, आणि पूर्ण काढून ठेवले की लहान टेम्पो मिळतो. आसनांचे अभ्रे काढून धुता येतात. आपल्या पत्नीने गाडी आतून पाहिली नसेल, तर आधी त्यांना तो खण आणि ते आसन दाखवा. या पत्रातला युक्तिवाद आपल्याला करावा लागणार नाही.

पांडा १९८० च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडली गेली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तुरीनमध्ये फियाटच्या कामगारांचा ३५ दिवसांचा संप झाला आणि १४ ऑक्टोबरला संपाविरुद्ध निघालेल्या, चाळीस हजारांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोर्चाने तो संपला. आपण ज्या शहरात राहता त्याच्या आठवणीत हे साल फक्त एका मोटारीचे नाही, हे आपल्या वयस्क शेजाऱ्यांशी पांडाविषयी बोलताना ध्यानात ठेवावे. पहिल्या दोन आवृत्त्यांत पांडा ३० आणि पांडा ४५ अशा गाड्या होत्या. त्यांपैकी ३० चे ६५२ सीसी, दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन १२६ मधून आले होते, आणि १२६ चे इंजिन हे ५०० च्याच इंजिनाचा वंशज. म्हणजे जाकोसांचे ते धडधडणारे यंत्र मागून काढून पुढे बसवले आणि भोवती जुजारोंची चौकोनी पेटी उभी केली, तरी चालले. आपल्या सहकाऱ्यांना ही एक गोष्ट अवश्य सांगा.

आपण पाहिलेली फोर-बाय-फोर मात्र त्याहून पुढची आहे. जून १९८३ मध्ये आलेल्या या गाडीसाठी चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुख कंपनीने तयार केली. आडवे बसवलेले इंजिन आणि हव्या तेव्हा जोडता येणारी मागची चाके, असा मेळ इतक्या लहान गाडीत त्यापूर्वी कुणी विक्रीसाठी आणला नव्हता. इंजिन ९६५ सीसीचे, ४८ अश्वशक्तीचे, आणि वजन फक्त ७४० किलो. तिला पाच गिअर आहेत, परंतु पहिला इतका लहान ठेवला आहे की तो फक्त चढ आणि चिखलासाठी. सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरवर सुरुवात करावी असा त्यामागचा हिशेब आहे. मागे लोखंडी पाटे आणि अखंड ॲक्सल असल्याने खड्ड्यांतून ती बैलगाडीला शोभेल अशी उसळते, हे खरे. पण जानेवारीत सेस्त्रियेरेच्या चढावर, दोन हजार मीटर उंचीवर, बर्फाचे टायर घातलेली ही हलकी पेटी ज्या निमूटपणे वर जाते, ते पाहून मोठमोठ्या जीपगाड्यांचे मालक अवघडतात. फियाटचे मालक जान्नी आन्येल्ली हेही सेंट मॉरिट्झच्या बर्फात पांडा फोर-बाय-फोरच वापरत, आणि त्यांना गाड्यांची वानवा नव्हती.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे येतो. क्लासिक कशाला म्हणावे याचा निवाडा वयावर सोडला, तरी पांडा त्यात बसते. इटलीत तीस वर्षांपलीकडच्या गाडीला मालकीच्या वार्षिक करातून सूट मिळते आणि आपली पांडा ते वय केव्हाच ओलांडून गेली आहे. रचनेच्या गुणावर सोडला, तर इटलीतील कॉम्पास्सो दोरो हा रचनेचा सर्वोच्च सन्मान १९५९ मध्ये ५०० ला मिळाला आणि १९८१ मध्ये पांडाला. ५०० एफ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विराजमान आहे, हा मान पांडापाशी नाही, आणि सौंदर्याच्या बाबतीत मीही ५०० च्याच बाजूने कौल देईन. ५०० दारात उभी राहिली की म्हातारी माणसे थांबून हसतात. पांडाकडे पाहून कुणी हसत नाही, कारण परवापरवापर्यंत ती प्रत्येकाच्या काकाकडे होती. २००३ पर्यंत ती तयार होत राहिली आणि पंचेचाळीस लाखांच्या घरात खपली. आपले सहकारी तिला नाक मुरडतात, यामागे तिचा दोष नसून त्यांची तिच्याशी असलेली अतिपरिचयाची ओळख आहे. पत्राच्या सुरुवातीला अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नावर माझे मत असे की कमी साधनांत अधिक देण्याच्या कसोटीवर पांडा ही अधिक परिपक्व विचाराची गाडी आहे, कारण तिच्या निर्मात्याने बसणाऱ्या माणसाकडून काहीच काढून घेतले नाही. ५०० ने काढून घेतले, आणि तरीही लोकांनी तिच्यावर जीव टाकला. हे तिचे यश मोठे आहे. ते तिच्या गुणांइतकेच तिच्या काळाचेही आहे.

तरीही आपला निर्णय मी या मतावर सोडणार नाही. तो आपल्या मुलावर आणि आईवडिलांवर सोडतो. १९६७ च्या ५०० ला मुळात पट्टे नाहीत. १९७६ पूर्वीच्या, पट्ट्यांची सोयच नसलेल्या गाडीला कायद्याने ते बसवण्याची सक्ती केलेली नाही. परंतु अशा गाडीतून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला नेण्यास मनाई आहे, आणि त्यापुढच्या मुलाला उंची दीड मीटरच्या वर गेल्याखेरीज पुढे बसवता येत नाही. आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणजे तो मागच्या बाकावर, पट्ट्याविना, पातळ पत्र्याच्या आणि पाय ठेवण्याच्या जागेपुढेच पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीत बसणार. कायद्यात बसते म्हणून मी त्याला तसा बसवणार नाही, आणि आपणही बसवू नये. पांडा १९८४ ची असल्यामुळे पुढे पट्टे असायला हवेत. मागे आहेत का आणि नसल्यास ते बसवण्यासाठी मूळच्या जागा आहेत का, हे गाडी पाहताना मागचे आसन काढून स्वतः तपासा. मागे पट्टे बसत नसतील, तर हीच गाडी घेण्याचा हट्ट सोडा आणि १९८६ नंतरची, 'फायर' नावाच्या नव्या इंजिनाची ९९९ सीसी फोर-बाय-फोर शोधा. त्या वर्षीच्या बदलानंतर गंजाविरुद्धचे संरक्षणही सुधारले, त्यामुळे ती तशीही अधिक शहाणी खरेदी ठरते.

आईवडिलांचे म्हणाल, तर सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला ५०० च्या मागच्या बाकावर पोहोचण्यासाठी जी कसरत करावी लागते, ती एकदा करून पाहण्यापुरती ठीक आहे. पुढे बसलेल्या आईंना आणि चालकाला जागा पुरेल, पण तीन मोठी माणसे आणि एक मूल घेऊन ५०० चढावर निघाली तर मागच्या ट्रकचा भोंगा ऐकतच जावे लागेल. वडिलांना हाताला काम हवे आहे, असे आपण सुचवता. ५०० मध्ये ते थोडे जास्त मिळेल हे खरे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला ग्रीस, वाल्व्हची फट, ब्रेकचे ड्रम, आणि कागदी फिल्टर नसल्यामुळे वेळच्या वेळी ऑईल बदलणे. पण पांडाच्या त्या ९६५ सीसी इंजिनालाही पुशरॉड आहेत, टायमिंगची साखळी आहे, कार्ब्युरेटर आहे, आणि बोनेटखाली दोन्ही हात मोकळेपणाने जातात. पद्मिनी सांभाळलेला माणूस तिथे कंटाळणार नाही.

एवढे सांगूनही आपले मन ५०० कडेच ओढ घेत असेल, आणि ती फक्त दोघांनी रविवारी फिरायला न्यायची असे पक्के ठरले असेल, तर माझी हरकत नाही. मात्र नव्या रंगाला भुलू नका. पूर्ण दुरुस्ती या शब्दांखाली पुष्कळदा पुट्टी दडलेली असते. खिशात छोटे लोहचुंबक ठेवून ते दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर आणि मागच्या झाकणाखालच्या पत्र्यावर लावून पाहा. जिथे ते चिकटणार नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे किंवा लोखंड उरलेलेच नाही. रबरी पायपुसणे उचलून फ्लोअर पाहा आणि जॅक लावण्याच्या जागी बोटाने दाबा. अनेक गाड्यांत १२६ चे मोठे इंजिन आणि सिंक्रो असलेला गिअरबॉक्स बसवलेला आढळतो. चालवायला तो बदल सुखाचा असतो, पण कागदपत्रांवर त्याची नोंद नसेल तर तपासणीच्या वेळी आपणच अडकाल. आणि गाडी घ्या अथवा न घ्या, लिगुरियातल्या गारलेंडाला एकदा अवश्य जा. तिथे ५०० च्या इटालियन क्लबचे कार्यालय आणि जाकोसांच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि जुलैतल्या मेळाव्याला त्या चिमुकल्या गावात शेकड्यांनी ५०० जमतात. कुणाच्या तरी गाडीत बसायला मिळेल, आणि हौस कितपत टिकते याचा अंदाज येईल.

पांडा तपासताना इंजिनापेक्षा पत्रा आणि मागचा ॲक्सल यांवर जास्त वेळ घालवा. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या पाट्यांच्या टोकांना जिथे बॉडीचा आधार मिळतो, ती जागा टोच्याने टोचून पाहा. तिथला पत्रा खाल्लेला असेल तर उरलेली गाडी कितीही चकचकीत असो, तिला नमस्कार करून परत या. चारही चाके जोडणारा मधला खटका चालत्या गाडीत, ओल्या किंवा कच्च्या रस्त्यावर, ओढून पाहा; वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे त्याची केबल अडकलेली सापडणे नेहमीचेच आहे. कोरड्या डांबरावर मात्र तो ओढू नका, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल मध्ये नसल्यामुळे वळणावर सगळी यंत्रणा पिळवटली जाते, आणि विक्रेत्याने हे न सांगता आपल्याला तसे चालवू दिले, तर त्यानेही वर्षभर तेच केले असावे असे खुशाल समजा. हात न लागलेली गाडी ही जाहिरातीत गुण म्हणून सांगतात. ती कुणी सांभाळलेलीही नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. म्हणून जुन्या दुरुस्तीच्या पावत्या मागा.

कागदपत्रांत गाडीची नोंदवही आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीचा शेवटचा शेरा पाहा. जुन्या गाड्यांसाठीचा विमा स्वस्त पडतो, पण त्यासाठी बहुधा एखाद्या क्लबचे सदस्यत्व लागते आणि चालक कोण, वापर किती यांवर अटी असतात. वडिलांनीही ती चालवावी असे वाटत असेल, तर त्यांचा परवाना आणि विम्याची अट या दोन्ही गोष्टी आधी विचारून घ्या. तुरीन शहरात जुन्या प्रदूषण-श्रेणीच्या गाड्यांवर निर्बंध आहेत. ऐतिहासिक वाहन म्हणून प्रमाणपत्र असल्यास कोणती सवलत मिळते, हे नगरपालिकेकडून लेखी समजून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. हे प्रमाणपत्र देणाऱ्या आसी या संस्थेचे मुख्यालय तुरीनमध्येच आहे, तेव्हा फोनवर वेळ घालवण्यापेक्षा एका सकाळी प्रत्यक्ष जाणेच बरे.

आणि पांडा पाहायला शक्यतो पावसाच्या दिवशी, तेही गाडी रात्रभर बाहेर उभी असताना जा. समोरच्या काचेच्या खालच्या कडेला पत्रा गंजला असेल, तर पाणी त्या लांब खणामागून उतरून पायाखालच्या गालिच्यात मुरते, आणि कोरड्या दिवशी विक्रेत्याने गालिचा नुकताच धुतलेला असतो.

आपला,
मोटार-सल्ला सदराचा लेखक